टाके कोण काढणार?

'दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं का' या प्रश्नाला गेल्या अंकात उत्तर देताना मी ओघात लिहून गेले, की सतरा वर्षं मी एका मोठ्या रुग्णालयाच्या परदेशी रुग्ण कक्षात सिस्टर होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. त्यातली सात पत्रं इथे घेतली आहेत. गोळ्यांचे डोस आणि 'अमुक डॉक्टर कसे आहेत' असं विचारणाऱ्यांना उत्तर मिळणार नाही. त्यांनी राग मानू नये.

प्रश्न : सिस्टर, माणसं एवढा आटापिटा करून परक्या देशात उपचाराला का जातात? स्वस्त पडतं म्हणून, की तिथले डॉक्टर हुशार म्हणून? आमच्या मित्रमंडळीत यावरून दोन तट पडले आहेत. – एक निवृत्त शिक्षक

उत्तर : दोन्ही तटांना निम्मे निम्मे गुण. आमच्या फॉर्मवर 'येथे येण्याचे कारण' असा एक रकाना होता. जवळजवळ सगळे त्यात 'चांगले डॉक्टर' लिहून मोकळे व्हायचे. खरं कारण बाहेर पडायचं ते मी दंडाला बीपीचा पट्टा बांधला की. हवा भरून उतरेपर्यंतच्या त्या मिनिटभरात माणूस बोलायला लागतो. (बोललं की आकडा वर जातो, त्यामुळे मला परत मोजावं लागे. पण 'गप्प बसा' म्हणायला जीभ रेटत नसे.)

अशाच एक आजी आल्या होत्या. खुब्याचा सांधा पार झिजलेला. त्यांच्या देशात हे ऑपरेशन सरकारी खर्चाने होत होतं आणि आमच्याकडे त्या पदरचे पैसे घालणार होत्या. मग इतक्या लांब कशाला आलात, असं मी विचारलं. म्हणाल्या, "तिकडे माझा नंबर लागेपर्यंत मी चालायचं कसं तेच विसरेन."

हे दुखणं त्यांच्या एकट्यांचं नव्हतं. 2003 साली ब्रिटनमधल्या एका बाईंना अशाच ऑपरेशनसाठी आधी वर्षभर थांबा असं सांगितलं गेलं, मग मुदत काही महिन्यांवर आली. त्या थांबल्या नाहीत. फ्रान्समध्ये जाऊन खुबा बदलून घेतला आणि बिलाची भरपाई सरकारी आरोग्यसेवेकडे मागितली. ब्रिटन तेव्हा युरोपीय संघात होतं, त्यामुळे प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. 2006 मध्ये निकाल लागला : नुसती यादी आहे म्हणून परदेशी जायची परवानगी नाकारता येणार नाही; या रुग्णाला, या अवस्थेत, इतकं थांबणं झेपेल का ते पाहावं लागेल. गंमत अशी की या कज्जेदलालीची सुरुवात अगदी किरकोळ गोष्टींवरून झाली होती. लक्झेंबर्गमधल्या एका गृहस्थांनी शेजारच्या बेल्जियममधून चष्मा आणला, दुसऱ्या एकांना मुलीचे दात जर्मनीत सरळ करून घ्यायचे होते, आणि दोघांच्याही आरोग्यविम्याने 'आधी आमची परवानगी' म्हणून हात वर केले. 1998 मध्ये दोघंही जिंकले. चष्मा आणि दातांच्या तारांवरून निघालेलं हे भांडण पुढे 2011 च्या युरोपीय संघाच्या निर्देशापर्यंत गेलं. आता संघातल्या रुग्णाला दुसऱ्या सदस्य देशात उपचार घेऊन, काही अटींवर, मायदेशातल्या दराइतकी भरपाई मागता येते.

काहींच्या बाबतीत तर वाट बघायला यादीसुद्धा नसते. यंत्रच नसतं. आफ्रिकेतल्या वीसहून अधिक देशांत किरणोपचाराची सोय नाही, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था सांगत आली आहे. तिथल्या कर्करोग्याला 'परदेशी का गेलात' असं विचारणं म्हणजे पाणी आणायला नदीवर का गेलात असं विचारण्यासारखं आहे. छोट्या बेटांच्या देशांत सरकारच रुग्णांना बाहेर पाठवतं. मूठभर लोकसंख्येसाठी हृदयशस्त्रक्रियेचा विभाग चालवायचा, तर सर्जनच्या हाताला सराव राहील इतके रुग्णच मिळत नाहीत.

आता स्वस्ताई. तुमच्यातला तो तट दातांच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर आहे. अमेरिकेतल्या ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा, मेडिकेअर, 1965 मध्ये आला तेव्हाच नेहमीचे दंतोपचार त्यातून वगळले गेले. परिणाम बघायचा तर मेक्सिकोच्या हद्दीतलं लॉस अल्गोदोनेस हे गाव बघा. म्हातारी माणसं सीमेपलीकडे गाडी लावतात, चालत येतात, दाढ बसवून घेतात आणि चालत परत जातात. गावाचं टोपणनावच 'मोलर सिटी', म्हणजे दाढांचं शहर. ऑस्ट्रियातले लोक याच कामासाठी हंगेरीतल्या मोशोनमाग्यारोवारला जातात. (नाव उच्चारतानाच दात दुखावेत.) आणि स्वस्ताई नेहमी योजून केलेली असते असंही नाही. 1997 मध्ये थायलंडचं चलन कोसळलं, तिथल्या लोकांना खासगी रुग्णालयं परवडेनात, खाटा रिकाम्या पडल्या; तेव्हा बँकॉकच्या रुग्णालयांनी परदेशी रुग्णांकडे मोर्चा वळवला.

एक कारण मात्र तुमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नसेल. आमच्या कक्षात 'परदेशी' म्हणून नोंद होणाऱ्यांपैकी कितीतरी जण परके नसतच. पासपोर्ट बाहेरचा, पण माणूस इथेच जन्मलेला. कॅलिफोर्नियातले मेक्सिकन उपचारासाठी मेक्सिकोत जातात, अमेरिकेतले कोरियन सोलला, जर्मनीतले तुर्क तुर्कस्तानात. पोटात नेमकं कसं होतंय, म्हणजे कळ येते, मुरडा येतो की जळजळतं, हे आपल्याच भाषेत धड सांगता येतं. बांगलादेशातून कोलकात्याला जाणाऱ्यांनाही हे विचारून बघा.

प्रश्न : देशाची रुग्णालयं सुधारायची ज्यांची जबाबदारी, ते पुढारी स्वतः आजारी पडले की विमानात बसतात. हा निव्वळ दांभिकपणा नव्हे का? – एक संतप्त वाचक

उत्तर : दांभिकपणा आहेच, त्यावर वाद नाही. झिंबाब्वेचे रॉबर्ट मुगाबे 2019 मध्ये सिंगापूरच्या रुग्णालयात वारले. नायजेरियाचे मुहम्मदू बुहारी राष्ट्राध्यक्ष असताना 2017 मध्ये आठवडेच्या आठवडे लंडनमध्ये उपचार घेत होते; 2025 च्या जुलैमध्ये त्यांचं निधनही तिथेच झालं. पण याच्या आत आणखी एक गोष्ट असते : गुपित. सत्तेवरच्या माणसाचा केसपेपर मायदेशात किती जण वाचतील याचा नेम नसतो. इराणच्या शहांचा रक्ताशी संबंधित कर्करोग फ्रेंच डॉक्टरांनी अनेक वर्षं गुपचूप हाताळला. 1979 च्या ऑक्टोबरमध्ये पदच्युत शहा उपचारासाठी न्यूयॉर्कला आले आणि अमेरिकेने त्यांना थारा दिल्याच्या रागातून दोन आठवड्यांच्या आत तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीवर कब्जा झाला. त्या भरतीच्या कागदाइतका महागात पडलेला दुसरा मला माहीत नाही.

प्रश्न : वडिलांच्या मानेतल्या गाठीची बायोप्सी झाली आहे. परदेशातल्या एका रुग्णालयाने 'लगेच या' असं कळवलं आहे. बरोबर काय काय न्यावं? वडिलांना इंग्रजी येत नाही, पण मी बरोबर असेनच. – एक तरुण वाचक

उत्तर : आधी तुम्ही जाऊ नका, गाठीला जाऊ द्या. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो, त्याला 'ब्लॉक' म्हणतात. त्याचे पातळ काप काचेवर घेऊन रंगवले की झाल्या 'स्लाइड'. जिथे तपासणी झाली तिथून ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागून घ्या, मिळतात. ज्या रुग्णालयाने बोलावलंय त्यांच्या पॅथॉलॉजिस्टकडे त्या पाठवून लेखी मत मागा. 'लगेच या' म्हणणाऱ्यांनी ते मत द्यायला टाळाटाळ केली, तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालंच म्हणून समजा.

हे मी एवढं हट्टाने का सांगते? एक तरुण लिम्फोमाचं, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कर्करोगाचं, निदान घेऊन आमच्याकडे आला होता. घर गहाण टाकलेलं, धाकटा भाऊ सोबतीला. स्लाइड लोकरी मोज्यात गुंडाळून आणल्या होत्या, दोनांपैकी एक तडकलेली. ब्लॉक होता म्हणून निभावलं. नवे काप काढले, पुन्हा तपासले. गाठ क्षयाची निघाली. ज्या गोळ्या त्याच्या घराजवळच्या दवाखान्यात फुकट मिळत होत्या, त्यांची चिठ्ठी घेऊन पोरगा परत गेला. आनंदाने रडला, आणि मग विमानाच्या तिकिटांचा हिशोब करताना पुन्हा रडला. तेच ठोकळे आधी पाठवले असते तर? ब्लॉक उन्हात ठेवू नका, मेण असतं ते. एमआरआय-सीटीची सीडी मात्र निघण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर लावून बघा. मोकळ्या निघालेल्या सीड्यांचा आमच्याकडे एक ड्रॉवर भरला होता.

आता दुभाषाचं. तुम्ही बरोबर असाल हे चांगलंच आहे, पण दुभाषाचं काम अंगावर घेऊ नका, ते रुग्णालयाला मागा. एका गृहस्थांचं ऑपरेशन ठरलं होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? मुलाने वडिलांना न विचारताच सांगून टाकलं, नाही. त्याच्या माहितीप्रमाणे नव्हतीच. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी गाऊन द्यायला गेले तर आजोबांनी सदऱ्याच्या खिशातून क्लोपिडोग्रेलची, म्हणजे रक्त पातळ करायच्याच गोळीची, पट्टी काढली आणि पाणी मागितलं. घरी रोज आजी द्यायच्या, मुलाला पत्ताच नाही. ऑपरेशन आठवडाभर पुढे ढकललं, खोलीचं भाडं वाढलं, व्हिसाची मुदत वाढवायला धावपळ झाली. मुलगा माझ्यावर चिडला, मी आजोबांवर, आणि आजोबा म्हणाले, "मला कोणी विचारलं का?" आम्ही दोघंही गप्प बसलो. म्हणून सांगते, औषधांची यादी नेऊ नका. चालू पाकिटं जशीच्या तशी पिशवीत घाला आणि न्या.

प्रश्न : रुग्णालयाच्या संकेतस्थळावर जेसीआयचं सोनेरी चिन्ह आहे. म्हणजे निर्धास्त राहायचं का? – एक गृहिणी

उत्तर : काही बाबतींत राहा. जॉइंट कमिशन इंटरनॅशनल ही मूळ अमेरिकी संस्था. परदेशातल्या रुग्णालयाला तिने पहिली मान्यता दिली ती 1999 मध्ये, ब्राझीलमधल्या रुग्णालयाला. मान्यता तीन वर्षांनी पुन्हा मिळवावी लागते. तपासनीस यायचे तेव्हा आम्हीही हातावर हात चोळत उभ्या असायचो. ते काय बघतात? औषध देण्यापूर्वी रुग्णाची ओळख दोनदा पटवली का, ऑपरेशनची बाजू पेनने खूण करून ठेवली का, हात धुतले का. या गोष्टींनी जीव वाचतात, कमी लेखू नका. पण तुमचा सर्जन हेच ऑपरेशन वर्षाला किती वेळा करतो, हे त्या चिन्हात नसतं. ते सरळ त्यालाच विचारा. चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

प्रश्न : मला नाकाची शस्त्रक्रिया करून घ्यायची आहे. एका एजन्सीचं पॅकेज आहे : शस्त्रक्रिया, तीन दिवस हॉटेल, शहरदर्शन आणि चौथ्या दिवशी परतीचं विमान. घरी फक्त 'फिरायला जातेय' असं सांगणार आहे. काही अडचण? – नाव कळवू नये

उत्तर : तीन अडचणी आहेत, आणि सगळ्यात मोठी तुम्ही शेवटच्या वाक्यात लिहिली आहे.

आधी विमानाचं. केबिनमधला हवेचा दाब जमिनीवर असतो तेवढा नसतो. साधारण 6 ते 8 हजार फुटांच्या डोंगरावर असावा तेवढा असतो. शरीरात कुठे हवा अडकलेली असेल तर ती त्या दाबाला 30 टक्क्यांच्या आसपास फुगते. म्हणून अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था, सीडीसी, सांगते की छाती-पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर किमान 10 दिवस, आणि चेहरा, पापण्या, नाक यांच्या शस्त्रक्रियेनंतर 7 ते 10 दिवस विमानात बसू नये. डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनमध्ये आत वायूचा बुडबुडा सोडला असेल तर तो विरेपर्यंत विमान वर्ज्यच. अशा रुग्णाच्या मनगटाला आम्ही ठसठशीत रंगाचा पट्टा बांधायचो आणि निघताना तीनतीनदा बजावायचो, हा स्वतःहून कापायचा नाही. तासन्‌तास पाय दुमडून बसल्याने पोटरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका आणखी वेगळा. तुमच्या पॅकेजवाल्याने चौथा दिवस कशावरून काढला? हॉटेलच्या दरावरून काढला असेल.

दुसरं, शहरदर्शन. नाकावर प्लास्टर आणि डोळ्यांखाली निळे वळ घेऊन राजवाडे बघत हिंडणारं मी अजून कोणी पाहिलेलं नाही. 'वैद्यकीय पर्यटन' हा शब्द कोणी शोधला कोण जाणे, तो सलाइन लावलेला माणूस नसावा.

आणि तिसरं, घरी खोटं सांगणं. 2023 मध्ये मेक्सिकोतल्या मातामोरोस शहरात सौंदर्यशस्त्रक्रिया करून अमेरिकेत परतलेल्या लोकांना मेंदूच्या आवरणाची बुरशीची लागण झाली. पाठीच्या कण्यातून दिलेल्या भुलेतून ती गेली होती. अनेक जण दगावले. काहींना त्रास सुरू झाला तो घरी परतल्यावर, काही आठवड्यांनी. नुसती डोकेदुखी आणि ताप. अशा वेळी समोरच्या डॉक्टरला 'परदेशात अमुक तारखेला भूल घेतली होती' हे कळलंच नाही, तर तो नेहमीचा ताप समजून गोळी देणार. सगळ्या गावाला सांगू नका. पण घरातल्या एका माणसाला आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला सांगून जा.

प्रश्न : आम्ही पतिपत्नी जर्मनीत राहतो. मला दात्या स्त्रीच्या बीजांडाशिवाय मूल होणार नाही असं सांगितलं आहे आणि इथे ते करता येत नाही. स्पेनला गेलो तर तो गुन्हा होईल का? – एक वाचक

उत्तर : जर्मनीच्या 1990 च्या भ्रूणसंरक्षण कायद्याने तिथे बीजांडदानाचा उपचार करणाऱ्या डॉक्टरला शिक्षा आहे, ज्या स्त्रीवर उपचार होतात तिला त्या कायद्यात शिक्षा नाही. स्पेनमध्ये असा उपचार 1988 पासून कायदेशीर आहे. तुमच्यासारखी जोडपी युरोपात वर्षानुवर्षं सीमा ओलांडत आली आहेत. इटलीतलीसुद्धा जायची, कारण तिथे 2004 च्या कायद्याने दात्याचं बीज वापरायला बंदी होती. ती 2014 मध्ये त्यांच्या घटनात्मक न्यायालयाने उठवली. जर्मनीत पुढची देखभाल कोण करेल आणि कागदोपत्री काय लागेल, हे मात्र निघण्यापूर्वी तिथल्या वकिलाशी बोलून घ्या.

कायद्यापलीकडचं एक विचारू? स्पेनमध्ये दाती निनावी असते. ब्रिटनने 2005 मध्ये ही निनावी पद्धत बंद केली. त्यानंतरच्या दात्यांपासून झालेल्या मुलांना अठराव्या वर्षी दात्याची ओळख मागता येते. तुमचं मूल अठरा वर्षांचं झाल्यावर विचारणारच नाही असं धरून चालू नका. देश निवडताना हाही एक निकष लावा, यशाच्या टक्केवारीच्या आधी. टक्केवारी कुठलीही संस्था स्वतःला सोयीची छापते.

प्रश्न : परदेशात गुडघा बदलून आले. चौदाव्या दिवशी टाके काढायला इथल्या डॉक्टरांकडे गेले तर म्हणाले, 'जिथे केलंत तिथेच जा.' दोन ठिकाणी हेच ऐकलं. आता काय करू? – एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला मेलीला अपराधी वाटलं. आमच्या कक्षातून रुग्ण निघताना गाडी, व्हीलचेअर, विमानतळ सगळं चोख असायचं आणि 'टाके कोण काढणार' हा प्रश्न कितीदा तरी लिफ्टपाशी निघायचा.

डॉक्टरांची बाजूही ऐकून घ्या. दुसऱ्याने उघडलेला गुडघा, आत कुठला सांधा बसवलाय माहीत नाही, कुठली जंतुनाशकं दिली माहीत नाही. उद्या पू झाला तर नाव यांचं. त्यांना भीती तुमची नसते, कोऱ्या कागदाची असते. तेव्हा आज ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तिथे मेल करा आणि तीन कागद मागा : ऑपरेशनचं टिपण, दिलेल्या औषधांचा तक्ता, आणि इम्प्लांटचं स्टिकर. ते हातात घेऊन तिसऱ्या डॉक्टरकडे जा, आणि 'टाके काढा' असं म्हणू नका, 'जखम बघाल का' असं म्हणा. जखम लाल, गरम किंवा ओलसर दिसत असेल तर मेलची वाट बघत बसू नका, आजच तातडीच्या विभागात जा.

स्टिकर म्हणजे काय ते सांगते. कृत्रिम सांध्याच्या खोक्यात नाव, माप आणि लॉट नंबर छापलेले चिकट कागद येतात. शस्त्रक्रिया संपली की थिएटरमधली सिस्टर त्यातला एक सोलून केसपेपरवर चिकटवते. 2010 मध्ये डेप्यू कंपनीने एएसआर नावाचे खुब्याचे सांधे जगभरातून मागे घेतले. तेव्हा आपल्या अंगात तोच सांधा आहे की दुसरा, हे कळायला त्या कागदाशिवाय सोपा मार्ग नव्हता. आमच्याकडे जादा स्टिकर कचऱ्यात जायचे. नंतर मी ते सोलून रुग्णाच्या पासपोर्टच्या प्लास्टिकच्या कव्हराला आतून चिकटवायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं, कुठल्या नियमात बसतही नसेल. तुमचंही स्टिकर मिळालं की तिथेच लावा, पुस्तकाला नको, कव्हरला. पासपोर्ट बदलतो, कव्हर तेच राहतं.